व्याकरणाच्या बाईंचं पेन

१

व्याकरणाच्या बाई गेल्या त्या भर मधल्या सुट्टीत, चारचौघांच्या डोळ्यांदेखत.

शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी नेहमीचाच गोंधळ होता. लांब टेबलावर तपासायच्या वह्यांचे गठ्ठे, त्यांच्या आडोशाला डबे, कोपऱ्यात लोखंडी कपाट आणि कपाटाच्या दारावर बाईंच्याच टपोऱ्या अक्षरातला कागद: 'काजू, पिस्ता, बदाम या खोलीत आणू नयेत. ही विनंती आहे, विनोद नव्हे.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने 'हो बाई' असं लिहिलं होतं.

खेळाच्या सरांनी स्पर्धेची सूचना लिहून आणली होती आणि बाई ती लाल शाईने दुरुस्त करत होत्या.

"सर, 'विद्यार्थी' लिहिताना तुमचा र दरवेळी पळून कुठे जातो?"

"धावण्याच्या शर्यतीत घेतलाय त्याला," खेळाचे सर म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या. हसत हसतच त्यांनी थर्मासमधलं टोमॅटोचं सूप कपात ओतलं आणि दोन-तीन घोट घेतले.

मग त्या बोलता बोलता थांबल्या.

आधी त्यांनी ओठ पुसले. मग जीभ टाळ्याला लावून पाहिल्यासारखं केलं. मानेवर लाल गांधी उठायला लागल्या. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, उभं राहायचा प्रयत्न केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "पेन."

शेजारी बसलेल्या भूगोलाच्या बाईंनी समोरचं लाल बॉलपेन पुढे केलं.

खेळाच्या सरांना मात्र कळलं. त्यांनी धावत जाऊन कपाट उघडलं, बाईंचं नाव लिहिलेली डबी काढली, आतलं इंजेक्शनचं पेन बाहेर घेतलं. बाईंना जमिनीवर आडवं केलं, पाय वर उचलून वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवले, पेनचं टोपण ओढलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच जोरात दाबलं. शिकवलं होतं तसंच, अगदी तसंच.

बाईंचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर खिळले होते. त्या डोळ्यांत भीती नव्हती. 'आता बरं वाटेल' असा भरवसा होता. आणि बरं वाटलं नाही.

अँब्युलन्स आली. सगळे स्ट्रेचरमागून फाटकापर्यंत धावले. गाडीतल्या लोकांनी पुढचं सगळं केलं, पण फार उशीर झाला होता. शाळा सुटायच्या आत बातमी आली. बाई गेल्या.

हॉस्पिटलमध्ये बाईंच्या नवऱ्याला डॉक्टरांनी विचारलं, "त्यांनी काय खाल्लं होतं?"

"बाहेरचं ती काहीच खात नाही. सूप माझ्या हातचं. सकाळी मीच थर्मासमध्ये भरलं."

थर्मास तपासायला गेला. सूपमध्ये काजू सापडला, पिठासारखा बारीक वाटलेला, चमच्यालाही न जाणवणारा.

लग्न झाल्यापासून त्या घराच्या उंबऱ्याच्या आत काजू आलेला नव्हता.

२

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टर बाई शाळेत शिरल्या त्याच शिंकत. खडूची धूळ, जुन्या वह्या, पडदे. त्यांचं नाक एरवीही गुन्हेगाराच्या आधी धूळच हुडकायचं. रुमाल नाकाला लावून त्यांनी शिक्षकांच्या खोलीवरून नजर फिरवली. टेबलावरचं पेन पोलिसांनी आदल्या दिवशीच ताब्यात घेतलं होतं. खरंखुरं, वापरलेलं, आतलं औषध संपलेलं. म्हणजे इंजेक्शन मिळालं होतं आणि तरी बाई वाचल्या नव्हत्या. असंही होतं, हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले होते. क्वचित, पण होतं.

आता प्रश्न एकच उरला होता. सूपमध्ये काजू कुणी टाकला? थर्मास सकाळपासून फळीवर उघड्यावर होता. येता-जाता कुणाचाही हात पोचला असता.

भूगोलाच्या बाईंचे डोळे सुजले होते.

"लपवून काय करू? सगळी शाळा सांगेलच तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मला ते नखरे वाटायचे. मागे मी बदामाची बिस्किटं आणली होती, तर तिने खिडक्या उघडल्या, टेबल पुसून घेतलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, एवढं नाजूक असेल तर काचेच्या कपाटात बसावं माणसाने. महिनाभर बोलत नव्हतो आम्ही."

"आणि काल?"

"काल तिने पेन मागितलं आणि मी तिला..." त्यांनी टेबलावरचं लाल बॉलपेन दूर ढकललं. "बॉलपेन दिलं हो मी तिला. लिहायचं!"

खेळाचे सर उंचेपुरे, आडव्या बांध्याचे. पण खुर्चीत असे अंग चोरून बसले होते, की शिक्षा झालेला मुलगा वाटावा.

"माझंच काहीतरी चुकलं, मॅडम."

"काय केलंत ते सांगा. काही गाळू नका."

"टोपण काढलं. मांडीवर दाबलं. टक् असा आवाज आला. शिकवल्याप्रमाणे दहा मोजले. काही फरक पडेना. वाटलं, नीट लागलं नाही. उचलून परत दाबलं. परत टक्. परत मोजले. तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हाही टक् वाजलं. नक्की वाजलं. मग बाईंनी माझा हात धरला आणि..." त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. "शिकवताना नर्सबाई म्हणाल्या होत्या, टक् वाजलं की औषध गेलं समजा. मग का नाही गेलं?"

"नर्स कुठे होत्या?"

"एका मुलाचा हात मोडला होता. त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या."

"खोलीत अजून कोण होतं?"

"भूगोलाच्या बाई, फोनवर अँब्युलन्सशी बोलत होत्या. आणि विज्ञानाचे सर. ते खिडकीशी उभे होते. मनगटावरचं घड्याळ बघत होते. गाडीला किती वेळ लागतोय ते बघत असतील."

विज्ञानाचे सर मात्र शांत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मुद्देसूद. इतक्या रडारडीनंतर इन्स्पेक्टर बाईंना ते ऐकून जरा बरंच वाटलं.

"शरीराचा पहारेकरी असतो ना, मॅडम, तो कधी कधी पाहुण्यालाच चोर समजतो. काजूसारख्या निरुपद्रवी गोष्टीवर तुटून पडतो. त्यात अंगावर गांधी येतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. त्यावर तातडीचं औषध एकच, ॲड्रेनलिन. ते त्या पेनात असतं."

"तुम्हाला बरंच माहीत आहे."

"नर्सबाईंनी सगळ्यांनाच शिकवलं होतं. आम्ही एकमेकांच्या मांडीवर सरावाची पेनं दाबून हसलोही होतो." त्यांनी खिशातलं पेन सरळ केलं. "पण एक सांगतो. स्वतःला ॲलर्जी आहे असं मानणारे ढिगाने असतात. तपासायला गेलं तर त्यातल्या थोड्यांनाच निघते. बाकी मनाचे खेळ."

"बाईंची तर तपासणी झाली होती."

"तसं म्हणायच्या त्या."

"अँब्युलन्स गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"सगळे खाली धावले. मी मागे थांबलो. त्यांच्या घरी कुणीतरी कळवायला हवं होतं ना? मी त्यांच्या मिस्टरांना फोन केला."

३

बाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करायचा. दुकान बंद होतं, तरी तो आत यंत्रासमोर बसून होता. हात रिकामे होते.

"सगळे माझ्याकडेच बघतात," तो म्हणाला. "सूप मी केलं. आणि दुसरं पेनही माझ्यामुळेच नव्हतं."

"दुसरं पेन?"

"डॉक्टर सांगतात, कायम दोन जवळ ठेवा. एकाने भागलं नाही तर दुसरं. तिचं एक शाळेच्या कपाटात असायचं, एक पर्समध्ये. पर्समधल्याची तारीख उलटली होती, म्हणून ते काढून टाकलं होतं. नवीन आणायचं होतं. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी आणू, काय घाई आहे. तिने शाळेतही सगळ्यांना सांगितलं असणार, आमचे हे म्हणजे असे, म्हणून." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कुणाच्या लग्नाला जेवून आलो ना मॅडम, तर आधी दात घासायचो, तोंड धुवायचो, शर्ट बदलायचो, मगच तिच्याजवळ जायचो. लोक हसायचे. मी कशाला तिच्या सूपमध्ये काजू घालू?"

इन्स्पेक्टर बाईंनी हे वहीत टिपलं. घरच्या माणसावर संशय घेणं सगळ्यात सोपं असतं, आणि बऱ्याचदा बरोबरही असतं. पण ज्याला सूपमध्येच विष कालवायचं, तो 'सूप माझ्या हातचं' असं पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकत नाही.

"तुम्हाला कसं कळलं काल?"

"भूगोलाच्या बाईंचा फोन आला. फाटकावरून बोलत होत्या. इतक्या रडत होत्या की मला आधी काही कळेचना. मला वाटलं, त्यांनाच काहीतरी झालंय."

"मग? त्यानंतर कोणी?"

"कुणीच नाही. मी तसाच हॉस्पिटलला पळालो."

इन्स्पेक्टर बाई उठल्या आणि दारात थबकल्या. काहीतरी खटकलं होतं. पण तेवढ्यात अशी शिंक आली की हातातलं सापडलेलं टोक सुटून गेलं.

४

बाईंची तपासणी करणारे ॲलर्जीचे डॉक्टर म्हातारे होते आणि बडबडे होते.

"बाईंची फाइल तोंडपाठ आहे मला. काजू आणि पिस्ता. अगदी कडक. बदामसुद्धा खबरदारी म्हणून टाळायला सांगितले होते. त्वचेवरची तपासणी, रक्ताची तपासणी, दोन्ही केल्या होत्या. त्यात शंकेला जागाच नाही," ते म्हणाले आणि इन्स्पेक्टर बाईंच्या लाल नाकाकडे बघून थांबले. "तुमची केलीय का कधी तपासणी? नाही ना? सर्दीची गोळी घेतलीत गेल्या आठवड्यात?"

"नाही. झोप येते त्याने."

"उत्तम. ती घेतली असती तर तपासणी खोटी ठरली असती. हात पुढे करा. बोलता बोलता होऊन जाईल."

त्यांनी हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब ठेवला आणि थेंबातून बारीक टोचलं. मुंगी चावल्याइतकंच.

"हा धुळीतल्या किड्यांचा, हा परागकणांचा, हा मांजराचा. आणि हे दोन माझे पहारेकरी. या थेंबात नुसतं मिठाचं पाणी आहे. इथे काही उठता कामा नये. उठलं तर समजायचं, या कातडीला नुसतं टोचलेलंही सोसत नाही. आणि या दुसऱ्यात असं औषध आहे की कुणाच्याही हातावर गांधी उठलीच पाहिजे. नाही उठली तर समजायचं, गोळीबिळी घेतलीय, तपासणी बाद. खऱ्याशेजारी खोटं ठेवल्याशिवाय खरं कळत नाही."

थोड्या वेळाने धुळीच्या किड्यांची खूण टरारून फुगली. मिठाच्या पाण्याची जागा सपाट राहिली.

"उशा उन्हात टाका, पांघरुणं कढत पाण्यात धुवा, घरातला जाड गालिचा काढा. नाकात मारायचा फवारा लिहून देतो. बरं, आता तुमचं विचारा."

"एकच विचारायचंय. पेन दाबूनही माणूस दगावतो?"

"दगावतो कधी कधी. पण वेळेवर दाबलं, आडवं झोपवलं, तर बहुतेक वेळा दुसऱ्या पेनापर्यंत तरी माणूस तग धरतो. त्या खेळाच्या सरांनी सगळं बरोबर केलं म्हणता. मलाही कोडंच आहे." डॉक्टरांनी खणातून तारीख उलटलेलं एक पेन काढलं आणि टोपलीतलं संत्रं टेबलावर ठेवलं. "हे बघा. असं दाबायचं."

टक्! संत्र्याच्या सालीवर ओला ठिपका उमटला. पेन उचललं तसं सुईवर झाकण सरकून घट्ट बसलं.

"पुन्हा दाबा," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

"पुन्हा कसं दाबणार? झालं ते. खरं पेन एकदाच वाजतं, मॅडम. आत एकच स्प्रिंग, एकच डोस. नंतर भिंतीवर आपटलं तरी हूं की चूं करणार नाही."

इन्स्पेक्टर बाईंचा हात संत्र्यावर तसाच राहिला.

"तीनदा वाजलं तर?"

"तर ते पेन नाहीच. सरावाचं खेळणं आहे ते. उचललं की त्याची स्प्रिंग आपोआप मागे जाते, म्हणजे शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा दाबता यावं. आत ना सुई, ना औषध..." बोलता बोलता डॉक्टरांचाच चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! बाईंच्या मांडीवर ते...?"

५

पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी पुन्हा पाहिलं. मांडीवर सुईची खूण नव्हती. सलवारीच्या कापडालाही भोक नव्हतं.

शाळेच्या नर्सबाईंनी आपल्या खोलीतलं कपाट उघडलं, खण ओढला आणि तो पुन्हा पुन्हा चाचपला.

"सरावाची दोन पेनं होती. एकच आहे."

"कधीपासून?"

"देवाला माहीत. मी कशाला मोजतेय? खेळणंच ते. वाटलं असतं, मुलांनी नेलं असेल." त्यांनी उरलेलं पेन पुढे केलं. "पण मॅडम, त्याच्यावर ठळक अक्षरात 'सरावासाठी' अशी चिकटपट्टी असते."

"चिकटपट्टी निघते. आणि नाव लिहिलेल्या डबीतून निघालेलं पेन, समोर माणूस तडफडत असताना, कोण वाचत बसतं?"

इन्स्पेक्टर बाई रिकाम्या शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसल्या. सगळा क्रम त्यांनी मनातल्या मनात पुन्हा लावला. मांडीवर दाबलं गेलं ते सरावाचं पेन. पोलिसांना टेबलावर मिळालं ते मात्र खरं, वापरलेलं. म्हणजे बाईंना खाली नेल्यावर कुणीतरी अदलाबदल केली होती. खऱ्या पेनातलं औषध कुठेतरी उडवून टाकलं आणि ते रिकामं पेन खोट्याच्या जागी ठेवलं. त्या वेळी खोलीत एकच माणूस होता. तो म्हणाला होता, फोन करायला थांबलो. आणि ज्याला फोन केला, त्याला तो फोन आलाच नव्हता.

इथपर्यंत गणित सुटत होतं. पुढचं सुटत नव्हतं. कशासाठी? भांडण नाही, वैर नाही, बढतीची चुरस नाही. बाईंनी त्या माणसाच्या प्रश्नपत्रिकाही तक्रार न करता तपासून दिल्या होत्या.

आणि त्याहून मोठा प्रश्न. ज्याला जीव घ्यायचाय, तो पेन नुसतं चोरतो. कपाट रिकामं सापडलं की काम झालं. जागेवर खोटं पेन ठेवायची यातायात कोण करेल? ते वाजावं, बाईंनी ते ऐकावं, औषध मिळालं असं त्यांना वाटावं, हे कुणाला हवं होतं?

नकळत त्यांची नजर स्वतःच्या हातावर गेली. एक खूण फुगलेली. शेजारची, मिठाच्या पाण्याची, सपाट.

त्या खुर्चीतून ताडकन उठल्या.

६

प्रयोगशाळेत विज्ञानाचे सर काचेच्या नळ्या पुसून स्टँडमध्ये लावत होते.

"बसा, मॅडम. काही लागलं हाताला?"

"लागलंय. तुम्ही बाईंना मारायला निघाला नव्हतात, सर."

त्यांचा हात नळीवरच थांबला.

"तुम्ही प्रयोग करत होतात," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "सूपमध्ये काजू आणि पेनात काहीच नाही. खऱ्याशेजारी खोटं. बाईंनी सूप पिऊन काही झालं नाही, तर ॲलर्जी खोटी. काही झालंच, आणि रिकामं पेन वाजल्याबरोबर त्या बऱ्या झाल्या, तरीही ॲलर्जी खोटी. मनाचे खेळ. म्हणून तुम्ही खिडकीशी उभे राहून घड्याळ बघत होतात. गाडीची वेळ नव्हतात बघत. बाईंची बघत होतात."

"हा तर्क झाला," सर हळूच म्हणाले. "पुरावा?"

"काजू कशात वाटला ते शोधताना शाळेतल्या बाकी भांड्यांबरोबर तुमचा दगडी खलही सकाळीच तपासायला नेला होता. तुम्ही तो धुतला होता, पण दगडाच्या बारीक छिद्रांत काजूचा अंश राहिला. फोनचं तुम्ही खोटं बोललात, ते बाईंच्या मिस्टरांच्या फोनवरून सिद्ध होतं. आणि सरावाचं पेन शाळेबाहेर न्यायला तुम्हाला वेळ मिळालेला नाही. दारावर कालपासून माझी माणसं आहेत. मी शोधू, की तुम्ही देता?"

हातातली नळी स्टँडमध्ये गेली. मग सरांनी काचेच्या कांड्यांची पेटी उघडली आणि तळातून एक पेन काढून टेबलावर ठेवलं. एका बाजूला चिकटपट्टी खरवडल्याचा डाग होता.

"अर्धा चमचा," ते म्हणाले. "फक्त अर्धा चमचा. कुणी माणूस अर्धा चमचा काजूने मरत नाही, अशी माझी खात्री होती. वाटलं होतं, सूप पितील आणि तास घ्यायला जातील. संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगणार होतो. आयुष्यभर भीत जगत होत्या त्या, मॅडम. सगळ्या शाळेला भीती घालत होत्या. मी त्यांची भीती घालवणार होतो."

"त्यांनी तपासणी करून घेतली होती."

"मी पाहिली नव्हती." हे म्हणताना त्यांचा आवाज सवयीने ठाम झाला आणि लगेच फुटला. "आणि समजा त्रास झालाच, तर रिकाम्या पेनाने बऱ्या होतील. मग मी खिशातून खरं पेन काढून टेबलावर ठेवणार होतो. विचारणार होतो, बाई, औषध तर इथे आहे, मग तुम्ही बऱ्या कशाने झालात?"

इन्स्पेक्टर बाई पुढचा प्रश्न विचारायला गेल्या आणि अर्ध्यात थांबल्या. आत्तापर्यंत त्या धरून चालल्या होत्या, की खरं पेन प्रयोगशाळेत असेल, वरच्या मजल्यावर, कुलपात.

"काय म्हणालात? खिशातून?"

सरांनी मान खाली घातली.

"बाई खाली पडल्या होत्या. खेळाचे सर पेन दाबत होते. आणि औषध त्याच खोलीत होतं? तुमच्या अंगावर?"

"पहिल्यांदा वाजलं तेव्हा वाटलं, आत्ता थांबेल. दुसऱ्यांदाही वाटलं, आत्ता थांबेल, नाटक आहे. मग ओठ निळे दिसायला लागले. तेव्हा कळलं." ते शर्टाच्या खिशाशी चाळा करत होते, जणू अजून काहीतरी तिथे होतं. "मी हात खिशाकडे नेला होता, मॅडम. खरंच नेला होता. पण पेन काढलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. भूगोलाच्या बाई बघत होत्या. मी काय सांगणार होतो त्यांना?"

इन्स्पेक्टर बाईंनी खून पाहिले होते, रागाच्या भरातले, दारूच्या नशेतले, विहिरीत ढकलून केलेले. पण शरमेपोटी झालेला असा पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी दारातल्या शिपायाला नुसतं बोटाने खुणावलं.

विज्ञानाचे सर उठले. जाताना त्यांनी सवयीने गॅसची तोटी बंद आहे का, ते पाहिलं.

७

खेळाचे सर मैदानाच्या कडेला पायरीवर बसले होते. शाळा बंद होती, मैदान मोकळं होतं. इन्स्पेक्टर बाई त्यांच्याशेजारी बसल्या. हे सांगायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवावं, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"सर, तुमचं काहीच चुकलं नाही. बरोबर जागी, बरोबर जोराने दाबलंत. बाईंना आडवं केलंत, पाय वर घेतलेत. डॉक्टर म्हणाले, त्यांनीही यापेक्षा वेगळं केलं नसतं. पेनात औषधच नव्हतं. ते सरावाचं होतं."

सरांनी दीर्घ श्वास घेतला. कालपासून आवळून धरलेलं काहीतरी त्यांच्या खांद्यांतून सुटलं. मग त्यांनी विचारलं, "कुणी ठेवलं?"

इन्स्पेक्टर बाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं. काजूचं, प्रयोगाचं, आणि शेवटी खिशाचं. ते न सांगता चाललं असतं, असं त्यांना एक क्षण वाटलं. पण उद्या कोर्टात ते याच माणसाच्या कानावर सगळ्यांदेखत पडणार होतं. त्यापेक्षा आज, इथे बरं.

खेळाचे सर ऐकत राहिले. खिशाचं ऐकल्यावर त्यांनी मान वळवून इन्स्पेक्टर बाईंकडे पाहिलं, ऐकण्यात चूक झाली असावी तसं.

"तो तर माझ्याशेजारच्याच खिडकीशी उभा होता. हात लांब केला असता तर लागला असता."

"हो."

"नाही, तुम्हाला कळत नाहीये." त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "दुसऱ्यांदा दाबूनही काही होईना, तेव्हा मी वर त्याच्याकडेच पाहिलं होतं, मॅडम. म्हटलं, सर, तुम्ही विज्ञानाचे. सांगा ना, अजून काय करू?"

"मग?"

"म्हणाला, परत दाबून बघा."